काकांची वही आणि २६ मजल्यांचं तळघर

अंबरपेठ, काचिगुडा, बरकतपुरा, सुलतान बाजार इथल्या तुमच्या आठवणी मी इथे नेहमी वाचतो. विवेकवर्धिनी, इसामिया बाजारचं ग्रंथालय, गणपतीतली नाटकं, बोनालूची गर्दी. माझा विषय जरा वेगळा आहे. कंप्युटरवरचा एक खेळ. पण त्यात बँक आहे, नाल्याचा पूर आहे, आणि एकदा मी काकांना जे बोललो तेही आहे. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

गेल्या महिन्यात अंबरपेठेतलं आमचं घर बिल्डरच्या ताब्यात दिलं. त्याआधी चार दिवस सामान उपसत होतो. माळ्यावर काकूंच्या पितळी भांड्यांमागे एक लांबट, लाल पुठ्ठ्याची वही सापडली. बँकेतल्या खतावणीसारखी. पानं फुगलेली, काही एकमेकांना चिकटलेली. उघडली तर रकाने आखलेले: तारीख, मजला, सोनं, कोणी मारलं, चूक.

पहिल्यांदा कळेचना. मग एका ओळीत वाचलं: "मजला ३. साप. चूक: दारात उभं राहून लढायला हवं होतं, खोलीत शिरलो." आणि मी तिथेच धुळीत बसलो. ही काकांची मरणांची नोंदवही होती.

आधी काका कोण ते सांगतो. आमचं मूळ घराणं परभणीकडचं. आजोबा निजामाच्या महसूल खात्यात कारकून म्हणून हैदराबादला आले. काकांचा जन्म १९४८चा, पोलीस ॲक्शनच्या वर्षातला. १ नोव्हेंबर १९५६ला हैदराबाद राज्य मोडलं, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि आजोबांच्या बरोबरीचे कितीतरी मराठी कारकून सामान बांधून तिकडे गेले. आजोबा नाही गेले. का नाही गेले ते कोणालाच नीट सांगता आलं नाही. आजी म्हणायची, "भाडं भरलेलं होतं." त्यामुळे आपण इथले झालो, हौ म्हणायला शिकलो, आणि पुण्याच्या पाहुण्यांना "आम्ही अमीरपेठेत नाही, अंबरपेठेत राहतो" हे आयुष्यभर सांगत बसलो.

१९६९च्या जुलैमध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, शाखा वाढल्या, भरती वाढली, आणि १९७१ साली काका एका बँकेत क्लार्क म्हणून लागले. शाखा कोठीच्या बाजूला. अक्षर मोत्यासारखं. बेरीज बोटांवर नाही, डोळ्यांनी करायचे. एका पानावरच्या ३० रकमांवरून नजर खाली सरकायची आणि खाली आकडा लिहिला जायचा. शाखेत त्यांना त्यामुळेच मान होता. आणि ते युनियनवाले होते, पक्के.

कंप्युटर म्हटलं की तेव्हाच्या बँकांत काय वातावरण असायचं ते आज सांगून पटत नाही. मशीन आलं की माणूस घरी, असंच सगळ्यांना वाटायचं. १९८३ साली संघटना आणि बँकांमध्ये यंत्रांबद्दल करार झाला. १९८४मध्ये रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या रंगराजन समितीचा अहवाल आला आणि बँकांत मशीनं यायला रीतसर सुरुवात झाली. काका मोर्च्यात गेलेले. घोषणा आमच्या अंगणात बसून लिहिलेल्या.

१९९१च्या सुरुवातीला काकांच्या शाखेत यंत्रणा बसली. काचेच्या खोलीत युनिक्सवर चालणारं एक मोठं मशीन, आणि बाहेर काउंटरवर चार टर्मिनल. तरुण मंडळींसाठी सांगतो, टर्मिनल म्हणजे कंप्युटर नव्हे. नुसता पडदा आणि कीबोर्ड. डोकं सगळं आतल्या मशीनमध्ये. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, आडवी ८० आणि उभ्या २४ ओळी. चित्र नाही, माऊस नाही.

रोज व्यवहार बंद झाले की 'डे-एंड' चालवायचा आणि दिवसभराचा हिशेब टेपवर उतरवून घ्यायचा. टेप फिरायला वीस-पंचवीस मिनिटं लागायची. कोणीतरी थांबायलाच हवं. बाकीच्यांना बस पकडायची घाई, काका थांबायचे. यंत्रणा बसवायला आलेल्या एका तमिळ इंजिनिअर पोराने जाताना मशीनमध्ये एक खेळ ठेवला होता आणि तो कसा उघडायचा ते काकांना दाखवून गेला होता. खेळाचं नाव 'रोग'. इंग्रजीत त्याचा अर्थ लुच्चा, उनाड. काकूंना ते नाव कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरोबर नाव आहे. रोगच लागलाय ह्यांना."

मी तो खेळ पहिल्यांदा पाहिला मे १९९२मध्ये. मी बारा वर्षांचा. शनिवारी अर्धा दिवस बँक, म्हणून काका मला सोबत घेऊन गेले. सहा नंबरवरून बस, कोठीला उतरून इराणी हॉटेलात उस्मानिया बिस्किट, मग बँक. शटर अर्धं खाली. आतलं टेप-मशीन कुरकुरत होतं. काकांनी मला त्यांच्या खुर्चीवर बसवलं. (आज कोणी असं बाहेरच्या पोराला बसवलं तर नोकरी जाईल. तेव्हा चालून गेलं.)

पडद्यावर ठिपक्यांची खोली, रेघांच्या भिंती. मधे ईमेलच्या पत्त्यात असतं ते 'ॲट'चं चिन्ह. काका म्हणाले, "हा तू." टक्क्याचं चिन्ह म्हणजे खाली जायचा जिना. अधिकचं चिन्ह म्हणजे दार. इंग्रजी कॅपिटल अक्षर दिसलं की राक्षस. 'बी' म्हणजे वटवाघूळ, 'एस' म्हणजे साप, 'झेड' म्हणजे झोम्बी. ए ते झेड, २६ अक्षरं, २६ जातीचे राक्षस. आणि २६व्या मजल्यावर येंडरचा ताईत. तो घेऊन परत वर आलात तर जिंकलात. ताईत हातात नसेल तर वर जायचा जिना चढताच येत नाही. फक्त खाली.

मी दुसऱ्या मजल्यावर मेलो. पडद्यावर एक थडगं उमटलं. त्यावर नाव, किती सोनं होतं, कोणी मारलं आणि साल. नाव काकांचं, कारण लॉगिन त्यांचं. मी म्हटलं, "काका, परत तिथूनच सुरू करा ना." ते म्हणाले, "परत नाही. आता नवं तळघर. हे तळघर गेलं, ते पुन्हा कोणालाच दिसणार नाही."

मला ते अन्यायाचं वाटलं. घरी व्हिडिओगेममध्ये तीन-तीन जीव मिळायचे.

आता थोडा इतिहास, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. हे सगळं मला पुढे अमीरपेठेत युनिक्स आणि सीचा कोर्स करताना आणि नंतर नोकरीत वाचून कळलं. १९८०च्या सुमारास कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या विद्यापीठात मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन ही दोन पोरं होती. त्यांच्याआधी 'ॲडव्हेंचर' नावाचा गुहेचा खेळ गाजत होता, नुसत्या वाक्यांचा. पण तो एकदा सुटला की संपला, कारण गुहा नेहमी तीच. या दोघांना असा खेळ हवा होता की ज्याने लिहिला त्यालाही पुढच्या दाराआड काय आहे ते माहीत नसावं. म्हणून दर वेळी मशीनच नवं तळघर रचतं: एका मजल्यावर नऊपर्यंत खोल्या, तीन गुणिले तीनच्या चौकटीत, मधे वेड्यावाकड्या गल्ल्या. औषधांचे रंगसुद्धा दर डावाला बदलतात. काल निळी बाटली प्याल्यावर जखम भरली म्हणून आज निळी प्यायलात तर डोळे जातील.

टॉय पुढे बर्कलेला गेला. तिथे केन अरनॉल्ड नावाच्या पोराने टर्मिनलवर हव्या त्या जागी अक्षर उमटवायची 'कर्सेस' नावाची सामग्री तयार केली होती. तिच्यामुळे अक्षरांचा नकाशा काढणं सोपं झालं, आणि अरनॉल्डही या खेळात सामील झाला. बर्कलेचं युनिक्स १९८३मध्ये जगभरच्या विद्यापीठांना गेलं, त्याच्या टेपवर हा खेळही गेला.

मेल्यावर परत तिथूनच सुरू करता येत नाही, हे त्यांनी मुद्दाम केलं. खेळ अर्धवट ठेवून जाता यायचं, पण ठेवलेला डाव उघडला की ती फाइल पुसली जायची. चूक केली तर ती झाली. तिच्यावर पाणी फिरवायची सोय नाही. आणि म्हणूनच डाव छोटा. वीस मिनिटं, कधी पाचच. ज्यांच्याकडे 'रोग' नव्हता त्यांनी आपापले खेळ लिहिले. ओक्लाहोमा विद्यापीठात रॉबर्ट कोनिकीने 'मोरिया' लिहिला. जे फेनलासन नावाच्या शाळकरी मुलाने मित्रांना घेऊन 'हॅक' लिहिला, त्याला ॲमस्टरडॅमच्या आंद्रीज ब्राउअरने १९८४मध्ये वाढवून जगाला वाटलं, आणि १९८७मध्ये त्यातूनच 'नेटहॅक' निघाला, जो आजही फुकट मिळतो आणि आजही लोक खेळतात. या सगळ्या घराण्याला 'रोगलाइक' म्हणतात. त्यातल्या छोट्या डावाच्या खेळांना तिकडे 'कॉफीब्रेक' म्हणतात. आपल्याकडे चहाच्या सुट्टीतला खेळ म्हणू. २००५पासून दर वर्षी लोक सात दिवसांत एक असा खेळ लिहायची शर्यतही लावतात.

एक गोष्ट इथे महत्त्वाची. या खेळात डावातून डावात काहीच सोबत येत नाही. तलवार नाही, सोनं नाही, चिलखत नाही. दर वेळी पहिल्या मजल्यावर, पिशवीत थोडं अन्न. सोबत येतं ते फक्त तुमच्या डोक्यात असेल ते. 'ए' म्हणजे ॲक्वेटर, त्याचा फटका बसला की चिलखत गंजतं, म्हणून तो दिसला की आधी चिलखत उतरवून ठेवायचं. 'एल' म्हणजे लेप्रकॉन, तो सोनं पळवतो. 'एन' म्हणजे अप्सरा, ती पिशवीतली वस्तू पळवते. हे कोणी शिकवत नाही, मरून कळतं.

काका तेच वहीत लिहीत होते. डब्याच्या पिशवीतून वही रोज बँकेत जायची, रोज परत यायची. काकूंना वाटायचं ऑफिसचं काम आहे. थडग्याचं कळल्यावर मात्र त्या चिडल्या. "रोज स्वतःच्या नावाचं थडगं बघायचं? काय अवदसा!" काका हसायचे. आम्ही सगळेच हसायचो. काका म्हणजे गेमवाले काका, हे आमच्या घरात ठरूनच गेलं.

मग २०००चं साल आलं. ज्यांचं घर गोलनाक्याच्या बाजूला होतं त्यांना २४ ऑगस्ट विसरता येणार नाही. एका दिवसात २४ सेंटीमीटर पाऊस. हुसेनसागरचं जादा पाणी ज्या नाल्यातून मुशीला जातं तो आमच्या गल्लीच्या मागूनच जातो. पहाटे पाणी उंबऱ्यावर, सकाळी पलंगावर. बाबांनी आजोबांचे कागद वाचवले, काकूंनी देव. मी माझी सर्टिफिकिटं डोक्यावर धरून गच्चीवर गेलो. दोन दिवसांनी पाणी उतरलं तेव्हा काका गच्चीवर एक वही वाळत घालत होते, पानापानांत वर्तमानपत्राचे तुकडे घालून. मी विचारलंसुद्धा नाही कसली वही.

त्याच हिवाळ्यात बँकांची स्वेच्छानिवृत्ती योजना आली. तुमच्यापैकी बँकवाल्यांना आठवत असेल. ४० वर्षं वय किंवा १५ वर्षं नोकरी झाली असेल तर अर्ज करा, दर वर्षाच्या नोकरीला ६० दिवसांचा पगार घ्या, सुटा. देशभरात एक लाखाहून जास्त माणसं बाहेर पडली. काका ५२ वर्षांचे. घराची पडझड झालेली, चुलत बहिणीचं लग्न तोंडावर. रोज रात्री घरात हाच विषय. गंमत अशी, की ज्या रंगराजन साहेबांच्या समितीमुळे बँकांत कंप्युटर आले ते तेव्हा आपल्याच गावात, राजभवनात, राज्यपाल होते. बाबा म्हणायचे, "जा, त्यांनाच विचारून ये."

मी वीस वर्षांचा. अमीरपेठेतला कोर्स झालेला, नोकरी नाही, तरी मीच घरातला कंप्युटर-तज्ज्ञ. एका रात्री जेवताना मी म्हणालो, "काका, पैसे घ्या आणि सुटा. आता सगळं नेटवर्कवर येणार. तुम्हाला टाइमपास गेमपलीकडे त्यातलं काय कळतं?"

कोणी काही बोललं नाही. काकांनी भातावर ताक घेतलं. म्हणाले, "बघू."

त्यांनी अर्ज केला नाही. मी मनात म्हटलं, म्हातारा हट्टी आहे. आमच्यात पुढे कधी तो विषय निघाला नाही. मला बंगळुरूला नोकरी लागली. काका २००८ला रिटायर झाले, २०१९ला गेले. त्याआधी एकदा सुट्टीत मी त्यांना सांगितलं होतं, की अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात चार जणांनी 'रोग' खेळणारा प्रोग्रामच लिहिला, 'रोग-ओ-मॅटिक'. त्याने तिथल्या चांगल्या चांगल्या खेळाडूंना मागे टाकलं, आणि एकदा तर ताईत घेऊन थेट वर उजेडात आला. मला वाटलं काकांना वाईट वाटेल, शेवटी मशीनच जिंकलं म्हणून. त्यांनी एवढंच विचारलं, "त्याआधी किती वेळा मेलं ते?"

तेराव्याला त्यांच्या शाखेतल्या एक बाई आल्या होत्या, तेलुगू, आता त्याही रिटायर. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "साब ने मेरे को पहले गेम सिखाया, बाद में बैंकिंग." मी मान हलवली. तेव्हाही मला पूर्ण कळलं नव्हतं.

आता वही वाचल्यावर कळलं. पहिल्या पानावर, फेब्रुवारी १९९१, रकाने आखायच्याही आधी, त्या मोत्यासारख्या अक्षरात एकच ओळ आहे: "आज यंत्राला हात लावला. हात थरथरत होता. कोणी पाहिलं नाही."

पुढच्या पानांवर डावांच्या नोंदींच्या मधेमधे दुसरंच काही लिहिलेलं आहे. "एच डावीकडे, जे खाली, के वर, एल उजवीकडे. न बघता जमलं." जुन्या टर्मिनलांवर बाण याच अक्षरांवर छापलेले असत. युनिक्समध्ये मजकूर दुरुस्त करायचा जो 'व्हीआय' आहे तोही याच कळांवर चालतो, आणि अमीरपेठेत मी पैसे भरून तो शिकलो. काका माझ्या आधी सात वर्षं तो टेप फिरताना शिकले होते. १९९३ची एक नोंद: "मजला ७. उपासमार. चूक: अन्न दिसलं होतं, सोन्याकडे गेलो." त्याखाली: "आज प्रिंटरची रांग स्वतः सोडवली. इंजिनिअरला फोन केला नाही."

सगळ्यात खोल नोंद १४व्या मजल्याची आहे. ट्रोलने मारलं. चुकीच्या रकान्यात लिहिलंय, "चूक नाही."

पुरात भिजलेली बरीच पानं गेली, शाई पसरून निळे ढग झालेत. पण पुरानंतरची पानं शाबूत आहेत. जानेवारी २००१मध्ये, त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशीची तारीख असेल किंवा त्या आठवड्यातली, नक्की सांगता येत नाही, एक नोंद आहे: "मजला २. वटवाघूळ. चूक: लक्ष नव्हतं."

एवढंच. माझ्याबद्दल एक शब्द नाही.

त्यानंतर रकान्यांमध्ये नावं दिसायला लागतात. शाखेतल्या लोकांची, आद्याक्षरांनी. कोण कितव्या मजल्यावर मेलं. काका त्यांना त्या वीस मिनिटांत बसवत होते. पन्नाशीतले क्लार्क, ज्यांनी अर्ज केला नव्हता आणि ज्यांना मुलासारख्या ऑफिसरला विचारायची लाज वाटायची. या खेळात सगळेच मरतात, रोज मरतात, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या मजल्यावर उभे राहतात. चुकीची कळ दाबली तर बँक बुडणार नाही, फक्त थडगं उमटेल. मशीनची भीती घालवायला याहून चांगली शाळा मला सांगता येणार नाही. मी मात्र तिला टाइमपास म्हणालो होतो.

२००५मध्ये शाखा कोअर बँकिंगवर गेली. जुनं मशीन बंद होणार होतं. शेवटच्या दिवशी काका डे-एंडला थांबले असणार. वहीतली शेवटची नोंद त्याच दिवसाची आहे:

"मजला ९. सोनं ४१२. कोणी मारलं: — . यंत्र बंद केलं, मी जिवंत होतो."

चुकीचा रकाना कोरा आहे.

वही मी बंगळुरूला घेऊन आलोय. चिकटलेली पानं वाफेवर सोडवतोय, जमतील तेवढी. रात्री मुलगी झोपल्यावर लॅपटॉपवर टर्मिनल उघडून मीही एक डाव खेळतो, आणि आता मेलो की मीही लिहून ठेवतो. अजून पाचव्या मजल्याच्या खाली गेलेलो नाही.

कोठीच्या बाजूच्या बँकांतून १९९० ते २००५ या काळात कोणी काम केलं असेल, आणि डे-एंडला थांबून हिरव्या पडद्यावर 'ॲट'चं चिन्ह पळवणारे, चष्मा कपाळावर ढकललेले एक काका आठवत असतील, तर जरूर लिहा. वहीतली आद्याक्षरं मला नावांशी जुळवायची आहेत.